झाडाखाली पडलेले कोणाचे?
मेळघाटातील वेचणीचा इतिहास



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत म्हणजे व्याख्यानांचा हंगाम अशी समजूत रूढ झाली आहे. परीक्षा आटोपलेल्या असतात, संध्याकाळी जरा वारा सुटतो आणि माणसे ऐकायला येतात. परंतु ह्याच दिवसांत, ह्या अमरावतीच्या सभागृहापासून शंभरेक किलोमीटरवर, गाविलगडच्या पलीकडे मेळघाटात दुसराच एक हंगाम चालू असतो. तो पहाटे चारला सुरू होतो आणि ऊन चढले की त्या दिवसापुरता संपतो. त्या हंगामाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे मी ठरविले आहे.

आरंभीच एक कबुली देतो. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझे वडील अकोल्याला जिनात कामाला होते. माझी शाळा दहावीपूर्वीच सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयात, एसटीच्या प्रवासात आणि संपाच्या मंडपात. तेव्हा पंडिताची शिस्त माझ्या बोलण्यात सापडणार नाही. पण तीस वर्षे मजुरीचे हिशेब करण्यात गेल्यामुळे, एखादी वस्तू कोणाच्या श्रमातून आली आणि कोणाच्या नावावर जमा झाली, हे विचारण्याची खोड मला लागली आहे. आज तोच प्रश्न रानाला विचारायचा आहे.

रानात जाऊन खाण्याजोगे वेचून आणणे हा माणसाचा शेतीहूनही जुना उद्योग आहे. थंड मुलखांत बर्फ वितळले की लोक टोपल्या घेऊन वनात शिरतात आणि भूछत्रे शोधतात. आपल्याच देशात काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांत वसंतात गुच्छी नावाचे भूछत्र उगवते; ते वाळवून फार मोठ्या किमतीला विकले जाते. मेळघाटात मात्र वसंतात भूछत्र शोधू जाणारा रिकाम्या हाताने परतेल. आपली भूछत्रे पावसाची. मृगाच्या सरींनी जमीन भिजली की वारुळांच्या आसपास टेकोडे डोके वर काढतात. ह्यामागचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे. वाळवी लाकूड आणि पाचोळा वारुळाच्या पोटात नेते, त्यावर बुरशीची बाग लावते आणि त्या बागेवर पोसते. टेकोडा हे त्याच बुरशीचे जमिनीवर आलेले फळ होय. म्हणजे वाळवी ही शेतकरी आणि माणूस तिच्या शेतात वेचायला आलेला पाहुणा! कोणत्या वारुळाशी टेकोडा येतो, कोणते भूछत्र खावे आणि कोणते पायानेसुद्धा शिवू नये, हे ज्ञान पुस्तकात नव्हे, आजीपाशी असते. आणि त्यात एक चूक झाली तर दुसरी करायला माणूस उरत नाही.

पावसाळ्यातले हे टेकोडे घरी खाल्ले जातात, थोडे बाजारात येतात. सरकारच्या वहीत त्यांना फारशी जागा कधी मिळाली नाही. वसंतातील वेचणीचे तसे नाही. वसंतात मेळघाट वेचतो तो मोहा, आणि मोह्याच्या प्रत्येक फुलावर गेली दीडशे वर्षे कोणी ना कोणी हक्क सांगितलेला आहे.

मोह्याचे झाड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, पण त्याची पहाट थोड्यांनीच पाहिली असेल. फाल्गुनात झाडाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके येतात. फुले रात्री उमलतात आणि उजाडण्याच्या सुमारास टपटप खाली पडू लागतात. फूल मांसल, पिवळसर पांढरे, रसाने भरलेले आणि इतके गोड की वासानेच जीभ चिकट व्हावी. अस्वलालाही हे ठाऊक असते. म्हणून पहाटेच्या अंधारात झाडाखाली वाकलेल्या बाईची आणि अस्वलाची गाठ पडते, आणि दरवर्षी कोठे ना कोठे माणसे जखमी होतात. वेचलेली फुले अंगणात वाळत घातली की तपकिरी होतात, मनुक्यासारखी दिसतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, बैलाला चारतात, आणि दारूही काढतात. ती दारू देवालाही लागते आणि पाहुण्यालाही. पुढे ज्येष्ठाच्या सुमारास झाडाची फळे पिकतात. त्यांच्या बियांचे तेल निघते. मधल्या काळात वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने तोडायची आणि सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे. मेळघाटातील कोरकू कुटुंबाच्या वर्षाच्या जमाखर्चात वसंताचे हे दोन-अडीच महिने म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्याने कापूस वेचला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मला हे शिकविले एका कोरकू बाईने. पुष्कळ वर्षे झाली. धारणीकडच्या एका गावात रोजंदारी मजुरांची सभा घ्यायला मी गेलो होतो. सभा सकाळी सातला ठेवली होती. सात वाजले, आठ वाजले. पाराखाली मी आणि दोन कुत्री. शेवटी नऊच्या सुमारास डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी आली. मी जरा रागानेच म्हटले, "मावशी, सारे गाव कुठे गेले? सभा होती ना?" ती म्हणाली, "भाऊ, मोहा काय तुमच्या सभेसाठी थांबते काय? आम्ही कामावर होतो." मला त्या शब्दाने चाप बसला. कामगारांचा पुढारी म्हणविणारा मी. पण मोहा वेचणे हे काम आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी त्याला सहज मिळालेले वरकड उत्पन्न समजत होतो. माझी ही चूक एकट्याची नव्हती. कायद्यानेही शंभराहून अधिक वर्षे तीच चूक केली, आणि तिचीच हकीकत पुढे सांगायची आहे.

ही हकीकत तीन शब्दांची आहे: चोरी, सवलत आणि हक्क.

इंग्रजांपूर्वी मेळघाटात कर नव्हते, जुलूम नव्हते, असे मी म्हणणार नाही. डोंगरातले राजे होते, मैदानातले अधिकारी होते आणि दोघेही घेत होते. पण झाडाखाली पडलेले फूल ज्याने वेचले त्याचे, ह्या गोष्टीला सहसा कोणी हात लावीत नसे. मध्य भारतातील अनेक आदिवासी गावांत अमुक झाडे अमुक घराने वेचावीत असा रिवाज असे आणि आजही आहे. म्हणजे तेथे मोकाट लूट नव्हती, लिहिलेला नसला तरी कायदा होता.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढल्या पंधरा वर्षांत वऱ्हाडचे रूप पालटले. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर अकोला, खामगाव, अमरावतीच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. रुळांखाली स्लीपर लागतात आणि स्लीपर जंगलातून येतात. मैदानातून कापूस आणि डोंगरातून लाकूड, अशी एकाच साम्राज्याने आपल्या प्रदेशाची वाटणी केली. जिनातला मजूर आणि मोहा वेचणारा कोरकू हे एकाच घडामोडीने जोडले गेलेले भाऊ आहेत, असे मी म्हणतो ते ह्याच कारणाने.

१८६४ साली हिंदुस्थानात वनखाते स्थापन झाले. १८६५ साली पहिला वनकायदा आला, आणि १८७८ साली दुसरा, अधिक कडक. ह्या दोहोंच्या मधल्या काळात वनखात्याच्या अधिकाऱ्यांत एक मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, रयत पिढ्यान्‌पिढ्या रानातून लाकूडफाटा आणि फळेफुले नेत असली तरी तो तिचा हक्क ठरत नाही; सरकारने डोळेझाक केली म्हणून ती सवलत चालली, आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. ह्याला विरोध करणारेही इंग्रज अधिकारी होते. मद्रास सरकारने तर अशा कायद्याला हरकत घेतली होती. पण १८७८ च्या कायद्यात सरशी बेडन-पॉवेलच्या विचाराची झाली. वऱ्हाड कायद्याच्या भाषेत निजामाचाच मुलूख असल्यामुळे येथे १८८६ साली वेगळा वऱ्हाड वनकायदा करण्यात आला. नाव वेगळे, तत्त्व तेच.

ह्या बदलाची झळ मैदानी शेतकऱ्यालाही लागत होती. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात, जंगलखात्याने डोंगर आणि गायराने आवळल्यामुळे गरिबाच्या शेळीलाही जागा उरली नाही, अशी तक्रार मांडली आहे. आणि ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. १८४१ साली जर्मनीच्या ऱ्हाईन प्रांतात, जंगलात पडलेला वाळका लाकूडफाटा उचलणे ही चोरी ठरविणाऱ्या कायद्यावर चर्चा झाली. त्या चर्चेवर १८४२ साली चोवीस वर्षांच्या एका तरुण पत्रकाराने लेख लिहिले. गळून पडलेली काटकी झाडाची राहिलेली नसते, मग ती झाडाच्या मालकाची कशी, असा त्याचा रोख होता. गरिबांची मुले वेचीत असलेल्या रानबोरांचाही त्याने उल्लेख केला. त्या पत्रकाराचे नाव कार्ल मार्क्स. त्याच्या अर्थशास्त्राशी आपले पटो वा न पटो, त्याची सुरुवात कारखान्यापासून नव्हे तर जंगलातील वेचणीपासून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मोह्याकडे परत येऊ. १९२७ चा भारतीय वन अधिनियम उघडून 'वनोत्पादन' ह्या शब्दाची व्याख्या पाहा. तिच्यात दोन याद्या आहेत. दुसऱ्या यादीतील पाने, फळे, मध, मेण ह्या वस्तू जंगलातून आणल्या तरच वनोत्पादन ठरतात. पहिल्या यादीतील वस्तू मात्र जंगलात सापडोत वा न सापडोत, वनोत्पादनच. आणि त्या पहिल्या यादीत इमारती लाकूड, कोळसा, लाख ह्यांच्या पंक्तीला मोह्याची फुले आणि मोह्याच्या बिया बसविल्या आहेत. म्हणजे मोहा तुमच्या स्वतःच्या बांधावर उभा असला, तरी त्याचे फूल वाहून नेण्यावर नियम घालण्याची मुभा सरकारला मिळाली. टेकोड्याचे नाव मात्र दोन्ही याद्यांत नाही. ज्याला बाजार होता त्याला कायद्याने नावाने हाक मारली. ज्याला नव्हता तो बिचारा निनावी राहिला.

मोह्यावर एवढे लक्ष का? कारण दारूवरील कर. आदिवासी घरची दारू घरीच काढू लागला तर सरकारी परवान्याची दारू घेणार कोण? मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहफुलांचाच कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर बंधने आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांच्या साठ्यावर निर्बंध राहिले आणि विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर तो कायदा आपल्याकडेही लागू झाला. साहेबाने महसुलासाठी बांधलेली गाठ आपण नीतीच्या नावाने तशीच ठेवली. भुकेच्या वर्षी हीच फुले माणसांना तगवितात, ह्याचा विचार दोघांनीही केला नाही. महाराष्ट्र शासनाने हे निर्बंध सैल केले ते २०२१ साली.

येथे मला माझ्या क्षेत्रातील एक दाखला द्यावासा वाटतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांना अमाप नफा झाला आणि ते कामगारांना वर्षाकाठी बोनस देऊ लागले. १९२४ साली त्यांनी तो बंद केला आणि मोठा संप झाला. चौकशीला न्यायाधीश मॅक्लाउड यांची समिती बसली. तिने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा कायद्याने बजावता येईल असा हक्क शाबीत होत नाही. म्हणजे बोनस हे मालकाचे बक्षीस. मर्जी झाली तर मिळेल. ते बक्षीस हक्क ठरायला १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली आणि किती संप झाले त्याची गणती नाही. बेडन-पॉवेल आणि मॅक्लाउड एकाच सुरात बोलत होते. ज्याला बक्षीस म्हटले ते काढून घेता येते. ज्याला हक्क म्हटले ते काढून घ्यायला कारण द्यावे लागते. सारी लढाई ह्या एका शब्दाची असते.

वऱ्हाडने ही लढाई १९३० साली उघडपणे लढून पाहिली. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला, पण वऱ्हाडला समुद्र कोठला? तेव्हा अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ काढून कायदा मोडण्यात आला. त्यानंतर जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मूठभर गवत ते काय! पण सरकारने त्यासाठी माणसांना तुरुंगात घातले, कारण गवताच्या काडीपेक्षा तिच्यावरील मालकीचे तत्त्व त्याला मोलाचे होते.

स्वराज्य आले, पण सवलतीचा शब्द बदलला नाही. १९६९ साली महाराष्ट्राने वनोत्पादनाच्या व्यापाराचा कायदा केला आणि तेंदूपानांचा व्यापार सरकारी मक्तेदारीखाली आला. खाजगी ठेकेदाराच्या मनमानीला त्याने काही आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. पण पाने तोडणारी बाई मजूरच राहिली, मालकीण झाली नाही. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ अभयारण्यांत मेळघाटची निवड झाली. वाघ वाचला ही आनंदाची गोष्ट आहे. वनखाते नसते तर मेळघाटचा साग केव्हाच विकला गेला असता, हेही मी निःसंकोचपणे म्हणेन. परंतु वाघाच्या राखणीचा खर्च कोणाच्या टोपलीतून वजा झाला, हे विचारणे म्हणजे वाघाशी वैर करणे नव्हे.

तिसरा शब्द कायद्यात आला तो २००६ साली. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेने मान्य केले की, जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजांवर मालकीचा, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. बेडन-पॉवेलला हे उत्तर मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. कागदावरचा हा हक्क जमिनीवर आणण्यात गडचिरोलीतील मेंढा-लेखा आणि मर्दा ही गावे २००९ साली पुढे आली. आपल्या जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळविला, उजाड टेकडी राखली, सीताफळांची विक्री स्वतः केली आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. २०१३ पासून विदर्भातील काही ग्रामसभांनी एकत्र येऊन आपली तेंदूपाने स्वतः लिलावात काढली. एकेकट्याने न विकता मिळून भाव ठरवायचा, ह्यालाच आम्ही कामगार चळवळीत संघटना म्हणतो. ही विद्या त्यांना शिकवायला आमच्यापैकी कोणी गेले नव्हते.

एवढे झाले म्हणून हकीकत सुखाने संपली असे समजू नका. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा, अमोना अशी गावे उठवून अकोला जिल्ह्यातील अकोटच्या बाजूला वसविण्यात आली. २००८ पासून अशा कुटुंबांना दहा लाख रुपयांचा मोबदला ठरला. काहींना मैदान मानवले, काही परत डोंगरात गेले, आणि २०१९ साली केलपाणीच्या परिसरात संघर्षही झाला. मोबदल्याचा कागद मी वाचला आहे. त्यात घर आहे, शेत आहे, रस्ता आहे, शाळा आहे. मोह्याचे झाड त्यात सापडले नाही. दरवर्षी न पेरता येणारे पीक, ज्याला नांगर नको, बियाणे नको, सावकार नको, त्याची किंमत किती धरली? वेचणे हे काम मानलेच नाही, तर ते काम गेल्याची भरपाई तरी कोण देणार? म्हातारीचा तो एक शब्द सरकारी कागदापर्यंत अजून पोचलेला नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोहा वेचायला सोपा जावा म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात आणि ती आग कधी कधी डोंगरभर पसरते. बिया सगळ्याच उचलल्या तर नवी रोपे उगवणार कोठून? जुनी झाडे मोठी आहेत, पण त्यांच्याखाली पोरवय दिसत नाही, अशी काळजी जाणकार व्यक्त करतात. जुने लुगडे किंवा जाळी अंथरली तर पाचोळा जाळावा लागत नाही. काही बिया झाडाला परत द्याव्या, असा गावाने नियम केला तर रान टिकते. हक्क म्हटला की त्याला शिस्त आली. जी वस्तू आपल्याला केवळ सवलतीने मिळते ती माणूस ओरबाडतो, कारण उद्याची खात्री नसते. जी आपली असते ती तो राखतो. गिरणीतही मी हेच पाहिले आणि रानातही.

स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात जाऊन बोरे-भूछत्रे वेचण्याचा सर्वांचा हक्क मानलेला आहे, आणि १९९४ पासून त्याचा उल्लेख त्या देशाच्या राज्यघटनेत आहे. तेथे वेचणी ही पुष्कळांची सुटीच्या दिवसाची हौस आहे. आपल्याकडे ती पोट आहे. हौसेला राज्यघटनेत जागा मिळते, मग पोटाला ती मिळवून देणे अशक्य नाही.

बंधुभगिनींनो, उद्या पहाटे आपण झोपेत असू, तेव्हा मेळघाटात फुले पडत असतील. एखाद्या आठवडी बाजारात आपण कधी मोहफुलांचा किंवा पावसाळ्यात टेकोड्यांचा वाटा घेतला, तर भाव करताना एवढे आठवा की विकणारी बाई रानातून फुकट मिळालेली वस्तू विकत नाही. ती पहाटे चारला कामावर गेली होती.